मागच्या चाकांचा प्रश्न

पुढच्या चाकांना विचारायचं काही नव्हतं.
हात वळेल तिकडे त्यांनी जावं, एवढंच.
पण धावपट्टीच्या दुसऱ्या वळणावर
माझी तेरा वर्षांची हॅचबॅक
नाक वळवतच नाही, थेट गवताकडे निघते,
पंगतीत पलीकडे कुणी ओळखीचं दिसल्यासारखी.

मागून घट्ट कर, सगळे म्हणतात,
मागचं घट्ट झालं की पुढचं ऐकतं.
घट्ट म्हणजे किती,
ते विचारलं की सगळे चहा सांगतात.

नाना पेठेत काउंटरवर मांडून ठेवलं एकाने:
लाल स्प्रिंगा, बुटक्या, गाडी दोन बोटं खाली बसवणाऱ्या;
मागच्या बीमला आडवा बांधायचा जाडजूड दांडा;
आणि काचेच्या कपाटातून, दोन्ही हातांनी,
पिवळे डँपर, बुडाशी फिरवायची कळ असलेले.
किंमत ऐकून मी रुमाल काढला.
घाम आलेला नव्हता.

महिन्यातला एक रविवार धावपट्टीचा, शिरूरच्या पुढे.
बाकी सगळे दिवस या गाडीच्या डिकीत केक असतात,
हेमांगीचे, तीन मजली, मधे खांब,
वर साखरेच्या जाईचा वेल.
वारज्याहून औंध, औंधहून बिबवेवाडी,
पट्टे पुसलेल्या, अंधारात दबा धरलेल्या
एकेका स्पीडब्रेकरवरून.
गेल्या मार्चमध्ये डहाणूकर कॉलनीत
एक वाढदिवस कलता पोचला.
फुटपाथवर उभं राहून सुरीने तिने तो सरळ केला
आणि मला एवढंच म्हणाली,
"आज कुणाशी शर्यत होती?"

भोसरीत दस्तगीर मुलाणीने गाडी वर घेतली.
टॉर्च दातात धरून बराच वेळ खाली उभा राहिला.
मग पहार घालून बुश हलवला:
रबर चिरलेलं, उन्हाळ्यातल्या टाचेसारखं.
"गुडघे गेलेत, साहेब,
आणि तुम्ही बूट निवडताय."

दांडा तरी घालू, मी म्हटलं.
"घाला की. एक चाक उचललं की दुसऱ्याला कळतं.
ट्रॅकवर झकास.
पण एका चाकाखाली खड्डा आला
की तो दोघांत वाटला जातो.
पुण्यात किती वाटणार?"

आणि लाल स्प्रिंगा?
"कात्रजच्या उतारावर, ओल्यात,
घाबरून पाय सोडाल ना,
मागची बाजू शेजारी येऊन विचारेल,
कुठं निघालात?"

तर आधी बुश. स्प्रिंगा कंपनीच्याच.
आणि पिवळे डँपर, उरलेल्या पैशांत,
म्हणजे न उरलेल्या.
नवा ओव्हन दिवाळीनंतर, असं ठरलं.
ठरलं म्हणजे मी बोललो, ती गप्प होती.

शनिवारी ती आपणहून मागच्या सीटवर बसली,
मांडीवर काचेच्या वाडग्यात लाल जेली.
"चालव."
दर स्पीडब्रेकरनंतर मोठ्याने मोजत होती.
जुन्या डँपरवर सात वेळा हलायची म्हणे,
आधीच मोजून ठेवलं होतं तिने, मला न सांगता.
तीन क्लिकवर दोनदा.
पाच क्लिकवर एकदा, आणि दाताला झिणझिण्या.
अकरावर जेली हललीच नाही,
उडाली.
सीट अजून चिकट आहे.

आता रेसिपीच्या वहीत,
बटर आणि मैद्याच्या मापांखाली,
तिच्या अक्षरात:
फ्रेश क्रीम – २. फॉन्डंट – ३.
रिकामी गाडी, एकटा – ११.
परत येताना विसरू नये.

मागच्या रविवारी दुसऱ्या वळणावर
नाक वळलं. पूर्ण नाही,
पण गवत या खेपेला लांबून दिसलं.
आणि पायाशी कुठूनशी
साखरेची एक चंदेरी गोळी सुटून आली,
डावीकडून उजवीकडे घरंगळत गेली,
पुढच्या वळणाला परत.
एवढ्या वेगात
मला तिचाच आवाज ऐकू येत होता.